राष्ट्रपतींची पेटी विमानातनं आली, आमचं मशीन कुठंय?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, दुकानात बसून मोबाईलवरच टाइप करतेय, मधेच गिऱ्हाईक आलं की थांबते आणि परत लिहिते, त्यामुळं कुठं जोड नीट बसला नाही तर सांभाळून घ्या. आणि एक विनंती, नाव गाव छापू नका. माझं झेरॉक्सचं दुकान नगरपालिकेच्या बरोबर समोर आहे, रोज तीच माणसं बघायची आहेत.

चौदा वर्षं झाली दुकानाला. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, रेशन कार्डाचं काम, सगळं करते. इथं बसलं की गावात काय चाललंय ते कुणाला विचारावं लागत नाही, कागदच सांगतो. कुणाची वाटणी झाली, कुणाचं पोरगं पोलीस भरतीला बसलं, कुणी घरावर कर्ज काढलं. आणि निवडणूक लागणार असली तर ती तुमच्या पेपरच्या आधी माझ्या काउंटरवर कळते, कारण इच्छुक लोक मतदार यादीची झेरॉक्स मागायला येतात, ते पण हळू आवाजात, आणि शेजारचा इच्छुक आला की यादी पिशवीत घालतात.

तर ८ जुलैला, शुक्रवार होता, राज्य निवडणूक आयोगानं ९२ नगरपरिषदा आणि ४ नगरपंचायतींची निवडणूक जाहीर केली. मतदान १८ ऑगस्ट, निकाल १९ ला. त्या ९२ मध्ये आमचं गाव. संध्याकाळी सहानंतर माझ्या दुकानात जी गर्दी झाली ती थेट दहापर्यंत, नवरा जेवणाचा डबा घेऊन आला तर त्यालाच मशीनवर उभा केला. नगरसेवकाला उभं राहायचं म्हणजे कागद किती लागतात हे ज्यांनी कधी फॉर्म भरला नाही त्यांना कळणार नाही. जातीचा दाखला, पडताळणीची पावती, नगरपालिकेची कसलीच थकबाकी नसल्याचा दाखला, घरी शौचालय आहे आणि ते वापरतो याचा दाखला, यादीतलं नाव, सूचकाचं नाव, मालमत्तेचं शपथपत्र, गुन्ह्यांचं शपथपत्र, आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनाच्या वर मूल झालेलं नाही याचं वेगळं. (आमदार खासदाराला ही दोन पोरांची आणि संडासाची अट नाही बरं का, ती फक्त आमच्या खालच्या लोकांना.) मी दुसऱ्या दिवशी होलसेलवाल्याकडनं दहा रिम जादा उचलले. कागदाचे भाव यंदा काय झालेत ते तुम्ही पेपरवाले चांगलं जाणता.

फॉर्म भरायचे होते २२ जुलैपासून. म्हणजे काल. काल मी सकाळी साडेनऊला दुकान उघडून बसले आणि अकरापर्यंत एक आधार कार्ड आणि एका आजीचं पेन्शनचं पासबुक, एवढंच झालं. कारण जाहीर होऊन आठवडा पण झाला नाही तोवर निवडणूक स्थगित झालेली. ओबीसी आरक्षणाचं कोर्टात होतं म्हणून. दहा रिम मागच्या खोलीत आहेत, पावसाळा आहे, ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेत.

आणि परवा गुरुवारी, २१ तारखेला, टीव्हीवर दिवसभर राष्ट्रपतीपदाची मतमोजणी. द्रौपदी मुर्मूंना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हांना ३,८०,१७७. समोरच्या चहावाल्यानं विचारलं, ताई, देशात मतदार ९० कोटीच्या वर आणि हिला मतं पावणेसात लाख, हे कसं काय? मला पण नीट सांगता येईना. मग एमपीएससी करणारा एक पोरगा नोट्स झेरॉक्स करायला येतो त्यानं आम्हा दोघांना माझ्याच कॅल्क्युलेटरवर समजावून सांगितलं.

म्हणजे बघा, राष्ट्रपतीला आपण मत देत नाही, आपले आमदार खासदार देतात, ४,८०९ जण आहेत सगळे मिळून. पण प्रत्येकाचं मत एक धरत नाहीत, त्याला मूल्य असतं. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५, तिला २८८ आमदारांनी भागायचं, परत हजारानं भागायचं, आलं १७५. म्हणून आपल्या एका आमदाराचं मत १७५ चं. यूपीच्या आमदाराचं २०८, गोव्याच्या आमदाराचं २०, सिक्कीमचं फक्त ७. खासदाराचं सगळ्यांचं सारखं, यंदा ७००, मागच्या वेळी ७०८ होतं पण जम्मू काश्मीरला सध्या विधानसभाच नाही म्हणून कमी झालं.

मी म्हणलं १९७१ ची का, एवढी जुनी? तर तो म्हणला काकू, ज्या राज्यांनी कुटुंब नियोजन केलं त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून घटनादुरुस्ती करून आकडा तिथंच गोठवलाय, २०२६ नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत. आता हे पटण्यासारखं आहे, लाल त्रिकोणाला बघून ज्यांनी दोनावर थांबवलं त्यांनी का भोगायचं. पण मग माझ्या डोक्यात आलं की माझा जन्म १९७४ चा. म्हणजे आमच्या आमदाराच्या त्या १७५ मध्ये मी नाहीच की. माझा नवरा पण नाही, तो ७२ चा, दुष्काळातला. माझी दोन्ही पोरं नाहीत, चहावाला नाही, तो एमपीएससीवाला तर नाहीच नाही. आणि माझे सासरे, जे २००९ ला वारले, ते आहेत! त्यांचं नाव मतदार यादीतनं कमी करायला मला नगरपालिकेत तीन चकरा मारायला लागल्या, मृत्यूचा दाखला दोनदा जोडला, पण दिल्लीच्या हिशोबात ते अजून धडधाकट आहेत आणि परवा त्यांनी राष्ट्रपती निवडून दिली. चहावाला इतका हसला की गाळणी हातातनं पडली.

सासऱ्यांचा विषय निघाला म्हणून सांगते, ते शाळामास्तर होते आणि राष्ट्रपतीची निवडणूक आली की १९६९ ची गोष्ट हमखास सांगायचे. काँग्रेसचा अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी आणि इंदिराबाईंनी सांगितलं अंतरात्म्याच्या आवाजानं मत द्या, म्हणजे व्ही. व्ही. गिरींना द्या. तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख, रायगडकडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रीपद सोडलेले. त्यांना 'स्वतंत्र' नावाच्या पक्षानं आणि जनसंघानं उभं केलेलं. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याच्या वर मिळाली नाहीत, गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. मग देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली आणि गिरी ४,२०,०७७ वर जाऊन निवडून आले. सासरे म्हणायचे, आपल्या माणसाला पडलेल्या मतांनीच निकाल लावला पण आपला माणूस काही झाला नाही. त्याच वर्षी काँग्रेस फुटली. मास्तर हे सांगताना दरवेळी चष्मा काढून पुसायचे, जसं काही ते स्वतः मोजणीला बसले होते.

यंदा उलटं झालं, निवडणूक बाजूला राहिली आणि शिवसेना आधी फुटली. तारखा बघा की साहेब. २० जूनला विधान परिषदेचं मतदान, रात्रीत आमदार सुरतेला. २१ जूनला सकाळपासून टीव्हीवर शिंदे कुठं आहेत एवढंच, दुपारी विरोधकांनी यशवंत सिन्हांचं नाव सांगितलं, रात्री भाजपनं मुर्मूंचं. देशाचा राष्ट्रपती कोण व्हावा याची दोन्ही नावं आली त्या दिवशी आपल्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. मी दुकानात दोन दिवस मराठी चॅनेल लावून ठेवलं होतं, गिऱ्हाईक झेरॉक्स घेऊन पण जाईनात, उभेच. मग गुवाहाटी, मग ते काय झाडी काय डोंगर काय हाटील, आमच्या इथं प्रत्येक पोराच्या फोनची रिंगटोन तीच. ३० जूनला शपथ, ४ जुलैला बहुमत. आणि १८ जुलैला हेच सगळे आमदार, गेलेले आणि राहिलेले, विधान भवनात येऊन एकाच पेटीत मत टाकून गेले.

त्या पेटीची पण गंमत आहे. निवडणूक आयोगानं दिल्लीहून राज्याराज्यांत मतपेट्या पाठवल्या त्या विमानानं, आणि पेटीचं वेगळं तिकीट काढलं, प्रवाशाचं नाव मिस्टर बॅलट बॉक्स. पुढच्या रांगेतली सीट. बाजूला अधिकारी बसून. मला हे वाचून खरंच बरं वाटलं, खोटं नाही सांगत, मताची एवढी इज्जत ठेवली म्हणून. जांभळ्या शाईचा खास पेन, आमदाराला गुलाबी मतपत्रिका, खासदाराला हिरवी, कुणाला काय दिलं ते कुणाला कळणार नाही, पक्षाला व्हीप काढता येत नाही. एवढं सगळं करून ५३ मतं बाद! त्यात १५ खासदार. पेनानं एक हा आकडा लिहायचा होता फक्त. आमच्या इथं अंगठेबहाद्दर म्हाताऱ्या मशीनवर बरोबर बटण दाबतात.

बरं, मी कुठल्या एका बाजूची म्हणून लिहीत नाहीये. तुम्हाला वाटेल उद्धव साहेबांची माणूस किंवा शिंदे साहेबांची. माझ्याकडं दोघांचेही बॅनरचे डिझाईन येतात, पैसे दोघेही उशिरा देतात. आणि शिवसेनेचं राष्ट्रपतीच्या बाबतीत तर पहिल्यापासून वेगळंच. २००७ ला युतीत असून प्रतिभाताई पाटलांना मत दिलं, मराठी बाई म्हणून, २०१२ ला प्रणव मुखर्जींना, आणि यंदा आघाडीत असून मुर्मूंना. फुटलेल्या दोन्ही तुकड्यांनी मुर्मूंनाच दिलं, म्हणजे ज्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं ती ही. महाराष्ट्रातनं मुर्मूंना १८१ आमदारांची मतं पडली, सिन्हांना ९८.

आता मुख्य मुद्द्यावर येते, ज्याच्यासाठी हे सगळं टाइप करत बसलेय.

मुर्मू बाईंची माहिती टीव्हीवर सांगत होते ती मी ऐकत होते. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या, उपरबेडा गावच्या. आधी पाटबंधारे खात्यात कारकुनी, मग रायरंगपूरला शिक्षिका. आणि १९९७ ला रायरंगपूरच्या नगर पंचायतीत नगरसेविका. तिथनं २००० ला आमदार, परत २००४ ला, मग झारखंडच्या राज्यपाल. नगरसेविका असताना म्हणे स्वतः उन्हात उभं राहून गटारी साफ करून घ्यायच्या, कचरा उचलून घ्यायच्या. माझा हात झेरॉक्सच्या झाकणावरच राहिला. म्हणजे देशाच्या पहिल्या नागरिक होणाऱ्या बाईनं सुरुवात केली ती आमच्या समोरच्या इमारतीसारख्याच एका इमारतीत. आमच्या नगरपालिकेपेक्षा पण छोटी असेल ती, नगर पंचायत म्हणजे.

आणि आमच्या समोरच्या इमारतीत आज एकही निवडून आलेलं माणूस नाही. एक पण नाही. मागची निवडणूक २०१६ च्या शेवटी झाली, पाच वर्षं मागच्या हिवाळ्यात संपली, तेव्हापासून प्रशासक. आमचं एकट्याचं रडगाणं असतं तर लिहिलं नसतं. मुंबई महापालिकेत ८ मार्चपासून प्रशासक, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सोलापूर सगळीकडं तेच, औरंगाबाद आणि कोल्हापूरला तर २०२० पासून, जिल्हा परिषदा पण तशाच. घटनेत लिहिलंय म्हणे की पाच वर्षं संपायच्या आत नवीन निवडणूक व्हायला पाहिजे, हे पण त्या एमपीएससीवाल्यानंच सांगितलं, ७४ वी घटनादुरुस्ती. राष्ट्रपतींची मुदत २४ जुलैला संपते म्हणून ९ जूनलाच तारीख जाहीर, १८ ला मतदान, २१ ला मोजणी, २५ ला शपथ. एक दिवस इकडं तिकडं नाही. मधे महाराष्ट्राचं सरकार पडलं, दुसरं आलं, पूर आला, तरी ती निवडणूक तसूभर हलली नाही. मग आमची कशी काय हलते हो? घटना एकच आहे ना.

प्रशासक म्हणजे कोण ते पण सांगते. मुख्याधिकारी साहेबच प्रशासक. साहेब वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, माझ्याकडनं झेरॉक्स नेतात, पैसे रोख देतात. पण पूर्वी मुख्याधिकारी विषय मांडायचे आणि सभेत नगरसेवक भांडायचे, टेबलं वाजवायचे, खुर्च्या पण फेकल्यात एकदा, सगळं माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायचं. आता सभेला विषय मांडणारे साहेब, चर्चा करणारे साहेब, मंजूर करणारे साहेब आणि अंमलबजावणी करणारे पण साहेब. इमारत इतकी शांत असते की मला पंख्याचा आवाज येतो.

माझ्या घराच्या कोपऱ्यावर पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह आहे. मार्चपासून गळतोय. पाणी सुटलं की कारंजं उडतं, शेजारची पोरं त्यात आंघोळ करतात, आणि वरच्या गल्लीला पाणी चढतच नाही. आधीचा नगरसेवक काही फार चांगला होता असं नाही, माणूस लबाडच, पण फोन केला की शिव्या घालत का होईना फिटर घेऊन यायचा, कारण त्याला परत आमच्याच दारात यायचं होतं. आता मी तक्रार वहीत चार वेळा लिहिलंय. वही पण माझ्याच दुकानातनं नेलेली, दोनशे पानी. पहिल्यांदा सांगितलं सामान नाही, दुसऱ्यांदा टेंडर निघतंय, तिसऱ्यांदा साहेब मीटिंगला गेलेत, चौथ्यांदा मला विचारलं की तुमचा वॉर्ड नवीन रचनेत कितवा आला. मी म्हणलं व्हॉल्व्ह जुन्याच जागी आहे.

नवीन रचनेचं पण ऐका. ७ मार्चला विधिमंडळात कायदा केला, प्रभाग पाडायचे अधिकार निवडणूक आयोगाकडनं काढून सरकारनं स्वतःकडं घेतले. तेव्हा सरकार आघाडीचं होतं आणि भाजप विरोधात, पण कायदा एकमतानं पास. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं आमची निवडणूक पुढं ढकलायला मात्र एका मिनटात एक झाली. नाव ओबीसी आरक्षणाचं. मी स्वतः ओबीसी आहे, आरक्षण जाऊ नये असं मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतं. पण कोर्टानं मार्च २०२१ मध्येच सांगितलं होतं की आयोग नेमा, आकडे गोळा करा, मग द्या. त्याला सव्वा वर्षं लागली, बांठिया आयोगाचा अहवाल या जुलैत आला. पहिल्या सहा महिन्यांत केलं असतं तर? ४ मे ला परत कोर्टानं झापलं की दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करा. तरी बघा आपण कुठं आहोत. परवा २० तारखेला कोर्टानं अहवाल मान्य केला, आरक्षणासकट निवडणुका घ्या म्हणलं, पेढे वाटले, दोन्ही बाजूंनी फटाके, श्रेय आमचंच म्हणून दोघांचे बॅनर माझ्याकडंच छापायला आले. पण ज्या ९२ ठिकाणी जाहीर होऊन थांबली त्यांचं काय, ते आरक्षणासकट का त्याच्याशिवाय, हे समोरच्या इमारतीत विचारलं तर प्रत्येक टेबलवर वेगळं उत्तर.

आणि मुंबईत मंत्रिमंडळात दोनच माणसं. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री. विदर्भात पुरानं वाट लागली आणि एकाही जिल्ह्याला पालकमंत्री नाही. दोघांनी १४ जुलैला बैठक घेऊन पेट्रोल पाच रुपये आणि डिझेल तीन रुपये स्वस्त केलं, ते बरं केलं, आणि त्याच बैठकीत ठरवलं की सरपंच आणि नगराध्यक्ष आता थेट जनतेतनं निवडायचा. हेच आधी फडणवीसांनी केलं होतं, ते २०२० ला आघाडीनं रद्द केलं, आता परत आणलं. चांगलं का वाईट यावर आमच्या चहाच्या टपरीवर रोज वाद चालतो, चहावाला म्हणतो थेट बरा, नगरसेवक सहलीला न्यावे लागत नाहीत, मी म्हणते नगराध्यक्ष एका पार्टीचा आणि सभागृह दुसऱ्या पार्टीचं झालं की काय होतं ते आपण बघितलंय, तीन वर्षं बाजारकट्ट्याचा ठराव अडकला होता. पण थेट का आडवा हे नंतर हो, आधी निवडणूक तरी घ्या! जेवणाचा पत्ता नाही आणि वाढपी पंगत उजवीकडनं का डावीकडनं यावर भांडतायत.

राग कशाचा येतो सांगू का. आमदारांना राज्यसभेला मत द्यायचं होतं १० जूनला, विधान परिषदेला २० जूनला, विश्वासमताला ४ जुलैला, राष्ट्रपतीला १८ जुलैला. सव्वा महिन्यात चार वेळा मतदान केलं त्यांनी, हॉटेलात राहून, बसमधनं, विमानातनं, आणि आमच्या आमदाराच्या प्रत्येक मताला आम्ही टीव्हीपुढं श्वास रोखून बसलो, कुणाची दुसरी पसंती कुणाला गेली ते आमच्या चहावाल्याला तोंडपाठ झालं. आम्हाला मात्र दारातल्या गटारीसाठी एक मत द्यायचं होतं, १८ ऑगस्टला, तेवढं पण राहिलं.

आता शेवटचं, मग दुकान बंद करायची वेळ झाली.

आमच्या गल्लीत एक बाई ब्लाऊज शिवते. नाव नको. बारावी झालेली, नवरा ट्रक चालवतो, बचत गट तिनंच उभा केलाय, आणि व्हॉल्व्हच्या तक्रारीच्या वहीत माझ्या चार सह्या असतील तर तिच्या नऊ आहेत. १३ जूनला आरक्षण सोडत निघाली त्यात आमचा वॉर्ड सर्वसाधारण महिला आला. त्या दिवशी तिनं ठरवलं उभं राहायचं, कुठल्या पार्टीनं विचारलं नाही तरी अपक्ष. ८ तारखेच्या रात्री गर्दी ओसरल्यावर ती आली, साडीच्या पिशवीत सगळे कागद घालून. थकबाकी नसल्याचा दाखला मिळावा म्हणून घरपट्टी भरलेली, शिलाई मशीनचा हप्ता मागं ठेवून. मी प्रत्येकाच्या तीन प्रती काढल्या, तिला म्हणलं पैसे निवडून आल्यावर दे. तिनं तिथल्या तिथं बावन्न रुपये मोजून दिले, म्हणली नंतर लोक म्हणतील फुकट घेतलं.

ती फाईल अजून माझ्या काउंटरखाली आहे, घरी पोरं फाडतील म्हणून माझ्याकडंच ठेवलीय. काल, फॉर्मचा पहिला दिवस होता ना, ती अकराच्या सुमारास दुकानाच्या दारात आली. आत आली नाही. मला विचारलं, ताई, आता ओबीसी आलं म्हणजे सोडत परत निघणार का, आणि परत निघाली तर आपला वॉर्ड बाईला राहणार का. मी म्हणलं मला माहीत नाही, साहेबांना विचार. ती म्हणली विचारलं, ते म्हणले वरनं आदेश आल्यावर. मग समोरच्या टपरीवरच्या टीव्हीकडं बघत थोडा वेळ थांबली, तिथं मुर्मू बाईंच्या गावातले लोक ढोल घेऊन नाचताना दाखवत होते, आणि मला म्हणली, शौचालयाचा दाखला तेवढा परत नवीन काढायला लागेल का हो?

तुम्हाला माहीत असेल तर छापा. मला तिला सांगायचंय.

आपली,
एक वाचक (नगरपालिकेसमोरची झेरॉक्सवाली)
२३ जुलै २०२२